भारतीय रुपया – पाकिस्तानी रुपया, १९४७ पासूनचा रेट : कामाच्या नोंदी

७ जानेवारी २०२४, रविवार

आज सुरुवात केली एकदाची. कारण आत्या. जेलरोडच्या घरातली जुनी ट्रंक आवरताना आजोबांचे प्रेसमधले कागद निघाले आणि ती नेहमीचंच वाक्य बोलली, "तुझ्या आजोबांनी पाकिस्तानच्या नोटा छापल्यात." आमच्या घरात लहानपणापासून हे ऐकलंय आणि आम्हा मुलांना ते कायम आजोबांनी रंगवलेली गोष्ट वाटायची, म्हणजे पाकिस्तानच्या नोटा नाशिकरोडला कशा काय छापतील? पण दुपारी बसून वाचलं तर शंभर टक्के खरं निघालं. फाळणी झाली तेव्हा पाकिस्तानकडे स्वतःची मध्यवर्ती बँक नव्हती आणि नोटा छापायचा कारखानाही नव्हता, म्हणून ३० जून १९४८ पर्यंत आपली रिझर्व्ह बँकच दोन्ही देशांची बँक होती. १ एप्रिल १९४८ पासून पाकिस्तानात ज्या नोटा निघाल्या त्या आपल्याच नोटा, फक्त त्यावर पाकिस्तान सरकारचं नाव घातलेलं, आणि त्या छापल्या आपल्या नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये. आजोबा १९४६ ला लागले होते, म्हणजे तेव्हा मशीनवर होतेच. आजोबांना एकदा तरी नीट विचारायला हवं होतं, आता ते नाहीत.

मग डोक्यात तेच फिरत राहिलं. एकाच प्रेसमधून निघालेले दोन रुपये, पहिल्या दिवशी एकास एक, आणि आज बघितलं तर आपल्या १ रुपयाला त्यांचे साधारण ३.३७ (डॉलरला आपले ८३ आणि त्यांचे २८० च्या आसपास). मधल्या पंचाहत्तर वर्षांत कुठल्या तारखेला काय झालं ते सगळं एका शीटमध्ये मांडायचं, मराठीत, कुणालाही वाचता येईल असं.

८ जानेवारी

ऑफिसमधून आल्यावर तासभर. कॉलम ठरवले: तारीख, डॉलरला आपले रुपये, डॉलरला त्यांचे रुपये, आणि १ भारतीय रुपया = किती पाकिस्तानी. दिशा एकच ठेवायची हे आधीच लिहून ठेवते, कारण जुन्या पुस्तकांत १०० पाकिस्तानी = १४४ भारतीय असं उलटं दिलेलं असतं आणि आपण आज एका भारतीयाला त्यांचे किती असं बोलतो, तर १.४४ चं ०.६९ करून लिहायचं आहे. आजच एका सेलमध्ये चुकले होते.

१३ जानेवारी, शनिवार

दोन-तीन साइटवरचे तयार तक्ते उतरवून बघितले, वापरण्यासारखे नाहीत. एकीकडे १९४७ ला रुपया आणि डॉलर एकास एक होता असं ठोकून दिलंय. हे व्हॉट्सअॅपवर दर १५ ऑगस्टला फिरतं आणि साफ चूक आहे. रुपया तेव्हा पौंडाला बांधलेला होता, १ रुपया म्हणजे १ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे एका पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै (आणे-पैचा हिशोब आत्याने तोंडी केला, मला कॅलक्युलेटर लागला). पौंड होता ४.०३ डॉलरला, त्यावरून एका डॉलरला ३ रुपये ३१ पैसे येतात. पाकिस्तानचा रुपयाही तसाच, तोच शिलिंग, तेच पेन्स.

दुसरी गोष्ट लक्षात आली ती महत्त्वाची. या दोन रुपयांचा आपसातला रेट बाजारात असा रोज कोणी पुकारत नव्हतंच. आधी दोघांचं पौंडाशी काय नातं ते बघायचं, नंतरच्या काळात डॉलरशी, आणि त्यावरून भागाकार करून काढायचं. म्हणजे माझा चौथा कॉलम हा मुळात भागाकार आहे आणि भागाकार कधीच सांगत नाही की त्या रेटने खरंच कोणी देवघेव करत होतं की नाही.

१४ जानेवारी, रविवार

आज सगळा दिवस १९४९. थंडी एवढी की दुपारपर्यंत गॅलरीतल्या उन्हात लॅपटॉप घेऊन बसले.

तर झालं असं. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० वर आणला, आणि पौंडाला बांधलेले बहुतेक देश मागोमाग उतरले. भारतही उतरला, रुपया ३०.२२५ अमेरिकन सेंटवरून २१ सेंटवर, म्हणजे डॉलर ४.७६ रुपयांना. पाकिस्तान मात्र म्हणाला आम्ही नाही उतरणार. त्यांचा हिशोब असा की ताग आणि कापूस आमच्याकडे आहे, घेणाऱ्याला घ्यावाच लागणार, मग आमचा रुपया कशाला स्वस्त करायचा, उलट बाहेरून यंत्रं आणायची तर महाग रुपया बराच. ३०.२२५ भागिले २१ = १.४३९३. हाच तो १४४ चा आकडा.

भारताने हा रेट मानलाच नाही. तागाचं गणित बघितलं की कळतं का ते, ताग पिकणारा बराचसा भाग गेला पूर्व बंगालात आणि ताग विणणाऱ्या गिरण्या सगळ्या राहिल्या कलकत्त्याच्या आजूबाजूला, हुगळीच्या काठाने. म्हणजे काल १०० रुपयांना मिळणारा कच्चा माल एका रात्रीत १४४ ला, तोही शेजारच्याच जिल्ह्यातून, जिथून वर्षानुवर्षं बोटीने यायचा. आपण म्हटलं देणार नाही, त्यांनी ताग अडवला, मग आपण कोळसा थांबवला, त्यांच्या रेल्वेला आपला कोळसा लागायचा. एप्रिल १९५० मध्ये एक छोटा करार झाला, त्यात व्यवहार भारतीय रुपयात धरून रेटचा वाद सरळ बाजूला ठेवला. आणि मग जून १९५० मध्ये कोरियाचं युद्ध पेटलं, जगभर तागाला, कापसाला भाव चढले, पाकिस्तानला गिऱ्हाइकांची कमी राहिली नाही आणि त्यांचा रुपया टिकला. शेवटी फेब्रुवारी १९५१ च्या व्यापार करारात आपण १४४ मान्य केलं.

म्हणजे सप्टेंबर १९४९ ते फेब्रुवारी १९५१, सुमारे सतरा महिने, कागदावर एक रेट आहे जो एक बाजू मानते आणि दुसरी मानत नाही. मी त्या ओळीत काय भरू? साइटवरच्या तक्त्यांत बिनधास्त ०.६९ भरून मोकळे झालेत. मला ते पटत नाहीये.

१५ जानेवारी, संक्रांत

आज फार नाही. तिळगूळ द्यायला आत्याकडे गेले होते, तिला १.४३९३ सांगितलं तर म्हणाली अगं मग सरळ सांग ना, त्यांचा रुपया म्हणजे आपला एक रुपया सात आणे. बरोबर आहे, ७ आणे म्हणजे ०.४३७५. शीटमध्ये १९५७ च्या आधीच्या ओळींना आणे-पैचा एक कॉलम जोडला. आपल्याकडे दशमान पैसे १ एप्रिल १९५७ ला आले, त्यांच्याकडे १ जानेवारी १९६१ ला, त्यामुळे मधली जवळपास चार वर्षं रुपया एकास एक (१९५५ ला त्यांनीही रुपया उतरवल्यावर पुन्हा बरोबरी झाली होती) पण आपल्या रुपयाचे १०० पैसे आणि त्यांच्याचे ६४.

२० जानेवारी, शनिवार

आजचा दिवस लक्षात राहील. सराफ बाजारात एक जुन्या नाण्या-नोटांचे व्यापारी आहेत, त्यांच्याकडे मागच्या आठवड्यात विचारून ठेवलं होतं, आज त्यांनी फोन करून बोलावलं. प्लास्टिकच्या पाकिटात दहाची नोट. विकायला नव्हती, फक्त बघायला. सहाव्या जॉर्जचं चित्र, रिझर्व्ह बँक ऑफ इंडियाचं नाव, सगळं आपल्या त्या काळच्या नोटेसारखंच, आणि पांढऱ्या मोकळ्या जागेत वर इंग्रजीत गव्हर्न्मेंट ऑफ पाकिस्तान आणि खाली उर्दूत हुकूमत-ए-पाकिस्तान. मी म्हटलं हा शिक्का मारलाय का नंतर, तर त्यांनी भिंग दिलं आणि म्हणाले, "नीट बघा मॅडम, शिक्का असता तर शाई वर बसली असती, हे प्लेटमध्येच कोरलंय." भिंगातून खरंच अक्षरांच्या कडा बाकीच्या नक्षीसारख्याच दिसत होत्या. चारचार पदरी घड्या पडलेल्या, एका कोपऱ्यावर तेलाचा डाग, कोणाकोणाच्या खिशात फिरली असेल. कराची, लाहोर, ढाका, आणि निघाली कुठून तर आपल्या नाशिकरोडवरून.

आणि सही. सी. डी. देशमुख. महाडजवळच्या नाते गावचा माणूस, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर. पाकिस्तानच्या नोटेवर मराठी माणसाची सही. मी दोन मिनिटं काही बोललेच नाही. फोटो काढू दिला त्यांनी, आत्याला पाठवला, तिचा लगेच फोन आला आणि ती रडत होती.

२१ जानेवारी, रविवार

कालच्या सहीवरून आज तारखा जुळवत बसले. देशमुख ऑगस्ट १९४३ ते जून १९४९ गव्हर्नर. म्हणजे रुपया उतरवायच्या जेमतेम तीन महिने आधी खुर्चीवरून गेले, सप्टेंबरचा निर्णय झाला तेव्हा गव्हर्नर बेनेगल रामा राव आणि अर्थमंत्री जॉन मथाई. पण पुढचं बघा, जून १९५० ते जुलै १९५६ देशमुख स्वतः अर्थमंत्री. फेब्रुवारी १९५१ ला भारताने १४४ मान्य केलं तेव्हा अर्थमंत्री तेच. आणि ३१ जुलै १९५५ ला पाकिस्तानने शेवटी आपला रुपया ४.७६ वर आणला आणि पुन्हा एकास एक झालं तेव्हाही तेच. ज्याची सही दोन्हीकडच्या नोटांवर होती त्याच माणसाच्या कारकिर्दीत हे दोन रुपये वेगळे मान्य झाले आणि परत बरोबरीला आले. हे मला कुठे सलग लिहिलेलं दिसलं नव्हतं, तारखा शेजारी ठेवल्यावर दिसलं. यासाठीच तर शीट करायची असते.

(एक रुपयाच्या नोटेवर ही सही नसते, ती नोट सरकारची, बाकीच्या रिझर्व्ह बँकेच्या. शीटच्या टीपेत हे घातलं.)

२६ जानेवारी, शुक्रवार

सुट्टी. १९६६ घेतलं आणि माझी आत्तापर्यंतची पद्धतच बदलावी लागली.

६ जून १९६६ ला इंदिरा गांधींच्या सरकारने रुपया ४.७६ वरून ७.५० केला. आता मी करत होते वार्षिक सरासरी, म्हणून १५६ दिवस ४.७६ आणि २०९ दिवस ७.५० धरून काढलं तर ६.३३ आलं. आणि मग जाणवलं की ६.३३ हा रेट त्या वर्षात एकाही दिवशी, एकाही बँकेत, एकाही माणसाला मिळालेला नाही. ५ जूनला ज्याने ड्राफ्ट काढला त्याला एक, ६ जूनला ज्याने काढला त्याला दुसरा, मधलं काही नाहीच. बांधलेल्या रेटच्या काळात सरासरी काढणं म्हणजे जिना चढून गेलेल्या माणसाला उतरण दाखवणं. तर सत्तरच्या दशकापर्यंतच्या वर्षवार ओळी सगळ्या पुसल्या आणि त्याऐवजी 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशा केल्या. बऱ्याच ओळी कमी झाल्या पण शीट एकदम खरी वाटायला लागली.

६ जूननंतर १ भारतीय = ०.६३ पाकिस्तानी. म्हणजे त्यांचा रुपया आपल्यापेक्षा दीडपटीहून जड. हे आज कोणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही, ऑफिसमध्ये शेजारच्या टेबलवाल्याने दोनदा विचारलं उलटं तर नाही ना लिहिलंस.

२८ जानेवारी, रविवार

१९७२. ही उडी बघून मला आधी वाटलं टायपिंगची चूक. ११ मे १९७२ ला पाकिस्तानने ४.७६ चा रेट एकदम ११ रुपये केला. आपला तेव्हा डॉलरला साधारण ७.२८. म्हणजे आदल्या दिवशी १ भारतीय = ०.६५ आणि दुसऱ्या दिवशी १.५१. एका रात्रीत दुपटीहून जास्त.

पण हे जेवढं दिसतं तेवढं खरं नाही, आणि ते समजून घ्यायला मला दोन संध्याकाळी लागल्या. १९५९ पासून पाकिस्तानात बोनस व्हाउचर नावाची पद्धत होती. तयार माल निर्यात करणाऱ्याला कमावलेल्या परकीय चलनाच्या काही टक्के किमतीचं व्हाउचर मिळायचं, ते व्हाउचर तो बाजारात चढ्या भावाने विकायचा, आणि ज्याला बाहेरून माल आणायचाय तो ते विकत घ्यायचा. म्हणजे सरकारी रेट ४.७६ च पण व्हाउचर घेऊन माल आणणाऱ्याला डॉलर प्रत्यक्षात कितीतरी महाग पडायचा. १९७२ ला ही पद्धत बंद केली आणि जे आत दडलेलं होतं ते उघड्यावर आलं. त्यामुळे १९५९ ते १९७२ च्या ओळींसमोर मी 'सरकारी रेट, व्हाउचर धरून नाही' असं लिहिलं. नुसता आकडा टाकला असता तर ते वाचणाऱ्याची फसवणूक झाली असती.

फेब्रुवारी १९७३ ला डॉलरच पडला आणि त्यांनी ९.९० केला, तो तसाच जानेवारी १९८२ पर्यंत. आपण १९७५ ला पौंड सोडून अनेक चलनांच्या टोपलीला बांधून घेतलं. हा काळ सरळ आहे, साधारण १.१० ते १.३० च्या दरम्यानच फिरतो, फार वेळ दिला नाही.

३ फेब्रुवारी, शनिवार

पिंपळगावला मामाकडे. मामा तीस वर्षं कांद्याच्या निर्यातीत. सध्या ८ डिसेंबरपासून बंदी, त्यामुळे खळ्यावर शांतता, नाहीतर या दिवसांत बोलायला सवड नसते. मामा तसा हसरा माणूस पण बंदीचा विषय निघाला की चेहरा उतरतो, आणि ते साहजिक आहे, शेतकऱ्याचा माल घरात आणि भाव रोज खाली.

मी विचारलं पाकिस्तानशी व्यवहार व्हायचा तेव्हा रेट कुठला धरायचे. मामा म्हणाला, "पोरी, त्यांचा रुपया आम्ही कधी डोळ्यांनी बघितला नाही. सगळं डॉलरमध्ये." बिल डॉलरमध्ये, पैसे आशियाई क्लिअरिंग युनियनमधून. ही १९७४ ला तेहरानला झालेली व्यवस्था, भारत, पाकिस्तान, इराण, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ वगैरे देशांच्या मध्यवर्ती बँका आपसातली येणी-देणी मांडून ठेवतात आणि ठराविक मुदतीने फक्त उरलेली बाकी डॉलरमध्ये चुकती करतात. म्हणजे आपले बारा ट्रक गेले, त्यांचे दहा आले, तर हिशोब दोनचाच. मामाला २०१०-११ चं पण आठवतं, आपल्याकडे अवकाळीने कांदा गेला, भाव भडकले आणि वाघा सीमेवरून पाकिस्तानचा कांदा आत यायला लागला, नाशिकच्या माणसाला हे कसं वाटलं असेल, मग जानेवारीत त्यांनीच जमिनीवरून पाठवणं बंद केलं.

रात्री परत येताना, ओझरच्या पुढे बसमध्ये, डोक्यात एकदम जुळलं. सप्टेंबर १९६५ च्या युद्धापासून १९७४ पर्यंत दोन्ही देशांतला व्यापार बंद होता. आणि १९६६ ची आपली उडी आणि १९७२ ची त्यांची, दोन्ही मोठ्या उड्या त्याच काळातल्या! म्हणजे ०.६३ आणि १.५१ हे जे दोन टोकाचे आकडे मी एवढ्या कौतुकाने मांडले त्या रेटने दोघांमध्ये कायदेशीरपणे एक पोतंही इकडून तिकडे गेलेलं नाही. आणि ऑगस्ट २०१९ पासून पुन्हा तेच चालू आहे, व्यापार जवळपास ठप्प, पण रेट रोज छापून येतो.

म्हणून पाचवा कॉलम: धंदा चालू / बंद / वादात.

४ फेब्रुवारी, रविवार

१९९१ नंतरचं. जुलै १९९१ च्या १ आणि ३ तारखेला आपण दोन टप्प्यांत रुपया उतरवला, साधारण २१ वरून २६ च्या जवळ. वार्षिक सरासरी (इथे रेट रोज हलतो म्हणून सरासरी चालते) अशी: १९९० ला आपले १७.५०, त्यांचे २१.७१, म्हणजे १.२४. १९९२ ला आपले २५.९२, त्यांचे २५.०८, म्हणजे ०.९७. १९९३ ला ३०.४९ आणि २८.११, ०.९२. १९९५ पर्यंत त्यांचा रुपया आपल्यापेक्षा किंचित जडच. १९९६ ला ३५.४३ आणि ३६.०८, तिथे पुन्हा ओलांडलं आणि त्यानंतर मागे वळून बघितलं नाही, २००० ला १.१९, २०१० ला १.८६.

१९९२ च्या आकड्याबद्दल मात्र सावध राहायला हवं. मार्च १९९२ पासून वर्षभर आपल्याकडे दोन रेट होते, निर्यातदाराने आणलेल्या डॉलरपैकी ४० टक्के सरकारी रेटने आणि ६० टक्के बाजाररेटने, सरकारी २६ च्या जवळ आणि बाजार ३० च्या आसपास. मार्च १९९३ ला एक केले. १९९३ चा आकडा एकदम उडी मारतो तो त्यामुळे, त्या वर्षी काही मोठं घडलं म्हणून नाही.

१० फेब्रुवारी

त्यांच्याकडे असंच १९९८ ला. मे महिन्यात दोघांनी अणुचाचण्या केल्या, निर्बंध आले, जुलैपासून पाकिस्तानने सरकारी रेट ४६ आणि शेजारी वेगळा बाजाररेट असं ठेवलं, मे १९९९ पर्यंत. सरकारीच घेतला, टीप जोडली. बाकी २००१ पासून पुढचं भरून झालं, तिथे अडण्यासारखं काही नव्हतं.

१७ फेब्रुवारी, शनिवार

राहिलेली एकच ओळ होती, सप्टेंबर १९४९ ते फेब्रुवारी १९५१. रिझर्व्ह बँकेने स्वतःचा इतिहास खंडांत छापलाय, पहिला खंड १९३५ ते १९५१, त्यात फाळणीनंतरच्या चलनाचा आणि या वादाचा भाग आहे तो पुन्हा वाचला. शेवटी असं केलं: रेटच्या सेलमध्ये ०.६९ ठेवलं पण राखाडी रंगात, समोर 'पाकिस्तानला मान्य, भारताला अमान्य', आणि धंद्याच्या कॉलममध्ये 'वादात'. त्याखालची ओळ फेब्रुवारी १९५१ पासून, तोच ०.६९, काळ्या ठळक अक्षरात. आकडा तोच आहे पण दोन ओळी वेगळ्या हव्यात.

आत्यासाठी मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दिली. तिने चष्मा लावून पहिली ओळ वाचली, १ एप्रिल १९४८, १.००, आणि विचारलं, "छापल्या कुठे ते नाही लिहिलंस?" ते राहिलंच होतं. पेनने तिथल्या तिथे लिहून दिलं, शीटमध्ये आत्ता टाकते आहे.